तांबं की स्टील, गजा?

गजा, तुझ्या आत्यानं तुझ्या गॅस्केटला हळदकुंकू वाहिलं.

सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण एवढा मोठा प्रसंग घडला आणि बघायला तू नव्हतास, याची मला अजून हळहळ आहे. तेरवीला तुझा फोटो ओसरीतल्या कोनाड्यात ठेवला होता. त्याच्या शेजारच्या खिळ्याला तुझी तांब्याची हेड गॅस्केट नेहमीसारखी टांगलेली. चकचकीत पत्रा, मधोमध चार मोठी गोल भोकं, भोवती बारक्या छिद्रांची नक्षी. राजेगावची आत्या आली, फोटोला फूल वाहिलं, चष्मा सावरून पत्र्याकडं पाहिलं आणि हात जोडले. मग मला हळूच विचारलं, "कोन्या देवाचं यंत्र आहे हे, विलासभाऊ?"

मी चेहरा गंभीर ठेवला. एवढी वर्षं गणपतीत नाटकं केली ती वाया जाऊ द्यायची का? म्हटलं, "आत्याबाई, हे अग्नीचं. आग आतल्या आत राहावी, बाहेर येऊ नये, यासाठी असते."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधे जो पातळ थर बसतो, ज्याच्यामुळं सिलिंडरमधली आग सिलिंडरमधेच राहते आणि शेजारून वाहणाऱ्या पाण्याला भेटत नाही, त्याला हेड गॅस्केट म्हणतात. आत्याबाईंनी हळदकुंकू लावलं. मागच्या बायकांनीही लावलं. शालूताई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. लोक म्हणाले, बिचारीला आवरत नाही. मला ठाऊक होतं, त्यांना काय आवरत नव्हतं ते.

तू गेलास तो इंजिनाचं डोकं उघडं टाकून. ब्लॉक ओसरीच्या टोकाला लोखंडी घोडीवर, हेड जुन्या सतरंजीत गुंडाळलेलं. भेटायला येणारे त्याला वळसा घालून बसायचे. खिळ्याला तुझी तांब्याची गॅस्केट, आणि त्याच खिळ्याला, तुझ्या नाकावर टिच्चून मी टांगलेली माझी स्टीलची. आणि वाद तसाच. शेवटच्या दिवसांत तुला डॉक्टरनं बोलू नको म्हटलं होतं, तरी मी आत आलो की तू बोट वर करून एवढंच म्हणायचास, "तांबं." मी म्हणायचो, "स्टील." सुनंदा, माझी बायको, म्हणायची, हे भेटायला आले की लिलावाला?

वाद असा अर्ध्यावर ठेवून उठणं तुझ्या स्वभावातलं नव्हतं. म्हणून आज बसलो आहे लिहायला.

आपण साडू. तू शालूताईंशी, मी सुनंदाशी, अशा दोन बहिणींशी लग्न केलं एवढ्यावर देवानं आपल्याला एकत्र आणलं, नाहीतर मी बालाघाटच्या सिंचन खात्यातला टेबलावरचा माणूस आणि तू मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतला. पहिल्या भेटीत तू मला विचारलं होतंस, "तुमाले गाडीतलं काय समजते?" मी म्हटलं, "हॉर्न." तुला मी तिथंच आवडलो, असं तू नंतर सांगायचास. सुनंदा म्हणते, तिथंच तुला मदतनीस सापडला.

खैरलांजीच्या एका ठेकेदाराकडून तू ती जीप आणलीस. तिला जीप म्हणणं हा आपला मोठेपणा. अंग एका गाडीचं, इंजिन दुसऱ्या पेट्रोल गाडीचं, दिवे कुठले ते देव जाणे. चार गाड्यांचं कडबोळं. शालूताईंची शाळा परसवाड्याला, म्हणून पहिली फेरी तिकडेच. मागं दोघी बहिणी, डब्यात पुऱ्या, आणि अर्ध्या घाटात इंजिननं मान टाकली. तू शांतपणे मागं वळून म्हणालास, "जरा उतरता का?" दोघी उतरल्या. हलकी झालेली गाडी आपण दोघं वर घेऊन गेलो आणि त्या चालत. तेवढ्यात मागून बस आली. कंडक्टरनं दोघींना हात करून विचारलं, "आना है क्या, बहनजी?" शालूताई वर पोचल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेले आमी बसनं येतो अन तुमच्यासाठी वर जागा धरून ठेवतो."

त्या वाक्यानं हे सगळं केलं, गजा. तुला शर्यत लावायची नव्हती. तुला फक्त दोघी बहिणी मागं बसवून, एकीलाही न उतरवता, तिसऱ्या गिअरमधे तो घाट चढायचा होता. तेवढ्यासाठी तू मोठा कार्ब्युरेटर शोधलास, हेड घासून घेतलंस, सिलिंडर मोठे करून नवे पिस्टन घातलेस. ताकद वाढली आणि पहिली गॅस्केट, ती बाजारात मिळते ती साधी, मधे पत्रा नि वर दाबलेल्या तंतूंचा थर, पहिल्याच घाटात फुटली. पांढऱ्या वाफेच्या ढगातून तू बाहेर आलास तो असा हसत, जणू नारळ फुटला.

"पायलं?" तू म्हणालास. "आता इंजिनात दम आला."

गॅस्केट निवडायची म्हणजे काय काय बघावं लागतं, हे मला तुझ्या ओसरीत कळलं. तिची भोकं सिलिंडरपेक्षा किंचित मोठीच हवीत. काठ आत डोकावला तर तो तापून निखारा होतो आणि पेट्रोल वेळेआधी पेटवतो. जाडीचा हिशेब त्याहून नाजूक. पातळ घेतली तर दाब वाढतो, ताकद येते, पण आपल्याकडच्या पेट्रोलवर इंजिन टकटक वाजायला लागतं आणि ती टकटकच गॅस्केटला खाते. जाड घेतली तर गाडी म्हशीसारखी रवंथ करत चढते. आणि वाल्व उघडून खाली येतो तेव्हा तो पिस्टनला शिवता कामा नये.

ही शेवटची जागा मोजायला तू शालूताईंकडं कणीक मागितलीस. शहाणे लोक त्यासाठी मुलांची खेळायची माती वापरतात. आपल्याकडं पोळ्यांची कणीक तयार होती. पिस्टनवर गोळा ठेवायचा, हेड बसवून इंजिन हातानं फिरवायचं, परत उघडून दबलेली कणीक कापायची आणि तिची जाडी मोजायची. एका पिस्टनवर ठेवली असती तरी चाललं असतं. पण तू चारही पिस्टनांना दिलीस. म्हणालास, पंगतीत भेदभाव नको. मग काढताना तीन निघाल्या.

चौथी कोणी ठेवली, हा आपला दुसरा न मिटलेला वाद. तू म्हणायचास मी, कारण मी तेव्हा हातवारे करून तहसीलदाराची गोष्ट सांगत होतो. मी म्हणतो तू, कारण तू ती ऐकत होतास. गाडी सुरू केली आणि सायलेन्सरमधून खमंग भाजलेल्या पोळीचा वास सगळ्या गल्लीत पसरला. समोरच्या घरातून निरोप आला, गाडीत स्वयंपाक होतो का म्हणून. शालूताई बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "तूप आणू?"

त्यानंतर तांबं आलं.

तुझं म्हणणं साधं होतं. जिल्हा आपला तांब्याचा, तुझी अर्धी नोकरी तांब्यात, मग इंजिनात तांबं का नको? गोंदियाच्या ठठेऱ्याकडून, जो एरवी घागरी नि बंब करतो, तू पत्रा कापून आणलास. मी पुस्तकांत वाचलं होतं, तेव्हा अडवून बघितलं. तांबं शर्यतीच्या गाडीला ठीक, ते लोक इंजिन सारखं उघडतच असतात. रस्त्यावरची गाडी रोज तापते, रोज थंड होते. आपल्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, दोघं एकसारखे फुगत नाहीत. तांबं एकदा दबलं की दबलंच, परत उसळून जागा भरत नाही. आग ते अडवतं, पण पाणी थोडं थोडं पाझरतंच. स्टीलच्या गॅस्केटचे पातळ थर एकावर एक असतात, त्यांना उठाव असतो, ते स्प्रिंगसारखे दबतात नि परत वर येतात.

तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "स्प्रिंग पायजे असन तर गादी घे."

अन तांबं बसलं. पाझरलंही. ब्लॉकच्या कडेला हिरवट ओघळ यायचा आणि तू तो रुमालानं असा पुसायचास जसं लेकराचं नाक. घाट चढून झाला की बोनेट उघडून वर पाणी घालावं लागे, म्हणून शालूताईंनी गाडीत एक लोटा कायमचा ठेवला. तिसरा गिअर मात्र मिळाला. जवळजवळ मिळाला. घाटातल्या मोठ्या वळणावर टकटक सुरू व्हायची आणि तू हळूच दुसरा टाकायचास. मी विचारलं की म्हणायचास, "आज हवा जड आहे."

आणि नवरात्र. त्याबद्दल मात्र मी तुझे कधी नीट आभार मानले नाहीत. वर्षभरात तांबं दबून कडक होतं, म्हणून दर नवरात्रात हेड उघडायचं, ती गॅस्केट काढायची, मागच्या अंगणातल्या चुलीवर लालबुंद होईतो तापवायची आणि चिमट्यानं बादलीत सोडायची. चर्र करून वाफ उठायची आणि पत्रा पुन्हा मऊ, नव्या नवरीच्या शालूसारखा हातात लवणारा. मग बसवायची. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत जायचं, कुठला आधी नि कुठला नंतर हे मी पल्लेदार आवाजात पुकारायचो, तू पाना फिरवायचास. दोघी बहिणी झेंडूच्या माळा ओवत बसायच्या आणि आपल्यावर बोलायच्या. दसऱ्याला चाकाखाली लिंबू, बोनेटवर माळ, आणि चौघं मिळून राजेगावच्या रस्त्यानं नदीच्या पुलापर्यंत चक्कर. माझ्या घरी दिवाळीला पाहुणे येतात, पण माझं वर्ष त्या चर्र आवाजानं सुरू होतं.

गेल्या वर्षापासून तुझ्यानं गाडी चालवेना. शालूताई स्वतः चालवत शाळेत जायला लागल्या. घाट, वळण, वर लोटा, मग शाळा. तू ओसरीत बसून आवाजावरून सांगायचास की गाडी कुठवर आली. मग एक दिवस तू ठरवलंस की इंजिन पुन्हा पहिल्यापासून बांधायचं, आणि ब्लॉक गोंदियाला घासायला पाठवलास. तो परत आला आणि तू गेलास.

आता प्रश्न माझ्यासमोर होता. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. शालूताईंनी मला सांगितलं, शाळा उघडायच्या आत गाडी पाहिजे, बसवून द्या. कोणती गॅस्केट, ते काही बोलल्या नाहीत. त्या एकट्या जाणार. घाटात बाजूला कोणी नाही. चुकीचा पत्रा बसला तर तो माझ्या गणपतीच्या नाटकातला पडदा नाही, की अडकला तर मी दोन विनोद सांगून वेळ मारून नेईन.

मी सतरंजी काढली, ब्लॉक पुसला आणि त्याच्यावरून नख फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही. गजा, आपल्या त्या ब्लॉकचं तोंड देवी आलेल्या माणसासारखं होतं. तांब्याला ते चालायचं. इतकं गुळगुळीत तोंड फक्त एकाच गॅस्केटला लागतं. मी गोंदियाच्या लेथवाल्याला फोन केला आणि विचारलं, एवढं कोणी करायला सांगितलं?

तो म्हणाला, "गजाभैया खुद बोले थे. शीशा कर दो, स्टील वाली बैठेगी."

मी फोन ठेवला. लबाड माणसा. ब्लॉक स्टीलसाठी घासून घेतलास आणि पलंगावरून मला बोट दाखवून "तांबं, तांबं" करत होतास. मी जिंकलो हे मला कळू न देता जिंकू दिलंस. का दिलंस, तेही कळायला वेळ लागला नाही. तुला माहीत होतं, पुढच्या नवरात्रात पाना धरायला तू नसशील, आणि घाटात लोटा घेऊन थांबायला शालूताई एकट्या असतील. ज्या इंजिनाला कोणाची वाट बघावी लागणार नाही, असं इंजिन तुला त्यांच्यासाठी ठेवून जायचं होतं.

मी शालूताईंना बोलावलं आणि सगळं सांगितलं. लेथवाल्याचंही. त्या ब्लॉकवर हात फिरवत राहिल्या, पोळपाटावरून फिरवतात तसा. मग खिळ्याकडं बघून म्हणाल्या, "तांबं बसवा."

मी म्हटलं, ताई, ते पाझरणार. दरवर्षी उघडावं लागणार.

"अन स्टील?"

"नीट बसली तर बरीच वर्षं हात लावाचं काम नाही."

"मंग तुमी काहून याल इकडं?"

मी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य विसरलो, गजा. विंगेत पाठांतराची वही घेऊन तू असायचास, तूही नव्हतास. इतकी वर्षं मला वाटायचं, तुझा तो तांब्याचा हट्ट म्हणजे जिल्ह्याचा अभिमान. ब्लॉकवरचा ओघळ, दरवर्षीचं उघडणं, हे सगळं आपण त्या पत्र्याची खोड म्हणून सहन करतो असं मी समजत होतो. ताईंना पहिल्यापासून ठाऊक होतं की त्या खोडीमुळं आमची बस दरवर्षी तुमच्या दारात थांबते.

मग मी म्हटलं, "ताई, घाटात पाणी संपलं तर मी बालाघाटातून पोचेपर्यंत इंजिन जाईल. स्टीलच बसवतो. एवढं माझ्यावर सोडा."

"अन तुमचं इकडं याचं?" त्यांनी विचारलं.

"तेही माझ्यावर सोडा."

त्या आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. परत आल्या त्या हातात ताट घेऊन, ताटात तेलाचा हात लावलेले कणकेचे चार गोळे. म्हणाल्या, "मोजायचं असन ना? चारही परत पायजेत." आणि मी काम करेपर्यंत त्या ताट धरून तिथंच उभ्या राहिल्या. दबलेल्या चारही चकत्या ताटात मोजून घेतल्या, तेव्हा कुठं हलल्या. कणकेनं सांगितलं, तू म्हणत होतास तेवढी पातळ नको आणि मी म्हणत होतो तेवढी जाडही नको. मधल्या जाडीची मागवून बसवली. तेव्हा तिथं आपण दोघंही हरलो, हे नोंदवून ठेव. नटांचा क्रम मी पुकारला आणि पानाही मीच फिरवला. सुनंदा म्हणाली, एकाच माणसानं राजा नि शिपाई दोन्ही व्हावं तसं दिसत होतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही घाटाला निघालो. शालूताई चालवायला, शेजारी सुनंदा, मागं मी, लोटा मांडीवर. म्हणजे दोघी बहिणी गाडीत होत्या, एवढं तरी तुझ्या अटीप्रमाणं. तिसरा गिअर पडला. झाडं मागं जाऊ लागली. ते मोठं वळण आलं आणि मी डोळे मिटून टकटक ऐकायला लागलो. ताईंचा हात गिअरच्या दांडीवर गेला, तिथंच थांबला, आणि परत स्टिअरिंगवर आला. टकटक झालीच नाही. गाडी वळण घेऊन वर सरकली, जसं ताक घुसळताना लोणी वर येतं. सुनंदानं फक्त बहिणीच्या दंडावर हात ठेवला.

हवा हलकी होती, गजा.

वर पोचल्यावर ताईंनी सवयीनं गाडी बाजूला घेतली, उतरून बोनेट उघडलं आणि माझ्याकडं हात केला. मी लोटा दिला. त्या वाकून ब्लॉकच्या कडेनं बघत राहिल्या, जिथं तो हिरवा ओघळ यायचा तिथं बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. लोटा हातात तसाच. मग त्यांनी स्वतः दोन घोट पाणी घेतलं, सुनंदाला दिलं, उरलेलं मला. गाडीसाठी ठेवलेलं ते पाणी आम्ही तिघांनी पिऊन टाकलं आणि मला सांगायला हरकत नाही, ते फार गोड लागलं.

खाली येताना त्या म्हणाल्या, "नवरात्रात या दोघं. तांबं तापवाचं आहे."

"ताई, पण ते इंजिनात नाही."

"खिळ्यावर कडक होते."

यावर कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही. मी म्हटलं, "हौ."

तर असं ठरलं आहे. आत्याबाईंचं हळदकुंकू ताईंनी पुसलेलं नाही. म्हणतात, यंत्र आहे, राहू द्या. चूल त्या पेटवणार, माळा दोघी ओवणार, बादली मी भरणार. पत्रा लाल होईल, पाण्यात जाईल, चर्र करेल, मऊ होईल आणि परत खिळ्याला लागेल. वाद घातल्याशिवाय ते काम होत नाही आणि तू नाहीस, म्हणून या खेपेला तुझी बाजूही मीच मांडीन. तुझा आवाज मला चांगला जमतो. बोट वर करून "तांबं" म्हणेन, समोरून मीच "स्टील" म्हणेन, आणि परत तुझ्या आवाजात मलाच गादी घ्यायला सांगेन. ताईंना विचारून ठेवलं आहे, जिंकायचं कोणी. त्या म्हणाल्या, जो दरवर्षी जिंकायचा, तोच.